गार पाऊल

केशवापुरातल्या मठात कीर्तन संपलं की लक्कव्वा केदारीबुवांच्या पावलांवर कपाळ टेकवायची. गेली दोन वर्षं त्यांचं डावं पाऊल उन्हाळ्यातही गार लागायचं. "बुवांच्या देहाची आग विझलीय, म्हणून हा गारवा!" ती घरोघरी सांगायची आणि त्या पावलापाशी रांग लागायची. आज हॉस्पिटलात बुवांच्या त्याच पावलाची काळी बोटं पाहून डॉक्टर म्हणाले, "अक्का, पाय गार पडला तेव्हाच आणायचं. जांघेतून तार घालून फुग्यानं नस मोकळी केली असती. नंतरही बायपास जमला असता. आता रक्त न्यायला नसच उरली नाही; गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. केव्हापासून गार होता?" लक्कव्वानं बुवांकडे पाहिलं. बुवाच म्हणाले, "परवापासून." मग तिच्याकडे बघून हसले, "ये अव्वा, टेकव कपाळ. उद्यापासून एकाच पायावर भागव." ती वाकली. कपाळाला तोच गारवा लागला. तिला डोकं उचलवेना.