हरिश्चंद्ररावांचा राजीनामा

मराठीत विज्ञानकथा लिहिणारे मोजकेच, आणि तेही दिवाळी अंकांना आधीच शब्द देऊन बसलेले. म्हणून भाईंदरच्या त्या विज्ञानकथा मासिकाचे संपादक हरिश्चंद्रराव निम्मा अंक गुपचूप स्वतःच लिहून काढायचे, वेगवेगळ्या टोपणनावांनी. त्यातल्या ‘अभिनव सारंग’ला तर वाचकांनी डोक्यावर घेतलं होतं. मालकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दर महिन्याला माणसं परग्रहावर धाडायची आणि आपण मात्र शांती नगरचं घर ते खारी गावातला छापखाना, यापलीकडे जायचं नाही, याचा हरिश्चंद्ररावांना उबग आला. आता लिहायचं ते स्वतःच्या नावाने, असं ठरवून ब्याण्णव सालच्या एका शनिवारी त्यांनी मालकांपुढे राजीनामा ठेवला.

मालकांनी चहा मागवला, कागद दोनदा वाचला आणि चक्क सही केली.

“जा तुम्ही, अडवत नाही,” ते म्हणाले. हरिश्चंद्ररावांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. ते दारापर्यंत पोचले, तेवढ्यात मालकांनी हाक मारली.


“फक्त सोमवारी त्या अभिनव सारंगला घेऊन या. तुमच्या खुर्चीत मला तोच हवाय.”