निम्मी बॅटरी

वृषाली खुर्चीत टेकली आणि खुर्चीखालचा हिरवा दिवा लागला. अंगाच्या उबेवर वीज करणाऱ्या या खुर्च्या आल्यापासून पाचगणीच्या त्या गल्लीत रीतच पडली होती. एकट्या माणसाची बॅटरी एकट्यानं भरत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी आळीपाळीनं त्याच्याकडे जाऊन बसायचं. आज पार्टेकाकांकडे बसायची पाळी वृषालीची होती.

"निघू का काका? पोळ्या व्हायच्यात."

"बस गं. बॅटरी अजून निम्मीसुद्धा नाही. रात्री हीटर बंद पडला तर गारठून जाईन मी. थांब, अजून अर्धा कप टाकतो."

"तुम्ही बसा, मी टाकते," म्हणत ती स्वयंपाकघरात शिरलीसुद्धा.

आत भरदुपारी सगळे दिवे जळत होते, हीटर उगाच तापत होता. ओट्याशेजारी बॅटरीवर फडकं टाकलेलं होतं. तिनं ते उचललं. तरीही काटा पार 'पूर्ण'वर टेकला होता.

तिनं फडकं होतं तसं घातलं आणि चहा घेऊन बाहेर आली. काका खिडकीबाहेर बघत होते, तिच्याकडे नाही.

वृषाली खुर्चीत ऐसपैस रेलली.

"खरंच हो काका, निम्मीसुद्धा नाही. उद्या सासूबाईंनाही घेऊन येते."