दंडाचं जेवण

अ‍ॅटलास डोंगरातल्या आम्हा अमाझिग लोकांचा कायदा राजापेक्षाही जुना आहे. बर्फ पडेपर्यंत देवदाराच्या जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही. चालवली, तर मेंढे कापून, मान खाली घालून सगळ्या गावाला जेवू घालायचं. त्या लाजेपायीच जंगल आजवर टिकलं, आणि बर्फात आमच्या शेळ्या त्याच्याच पाल्यावर जगल्या.

यंदा हॉटेलवाल्या साहेबाने भर उन्हाळ्यात अर्धा उतार उघडा केला. आमचे पंच बस्सूकाका गरजले, "साहेब असाल तुमच्या घरी! दंड म्हणजे दंड!"

साहेबाने हसत हसत मेंढे भाजले, वर आग्रह करकरून वाढलं.

"बस्सू, मेंढा कोवळा होता रे," म्हातारी इत्तो हाडूक चोखत म्हणाली, "पण त्या मेल्या साहेबाची मान काही खाली गेली नाही."



सकाळी साहेबाचा माणूस विचारायला आला, उरलेल्या जंगलाला किती मेंढे पडतील.