राक्षस थांबतो तेव्हा

“मी नाही त्यात. मग बघायचं काय?” असं म्हणून राक्षसाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. चष्मा टेबलावरच राहिला होता, त्यामुळे तो काहीही वाचत नव्हता हे मुलीला आणि तिच्या आईला स्वच्छ दिसत होतं. पण दोघींपैकी कुणीही चष्मा पुढे केला नाही. लग्नाच्या आणि जन्माच्या अनुभवाने तेवढं शहाणपण त्यांना आलं होतं.

राक्षस म्हणजे मुलीचे बाबा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका सिनेमात समुद्रातून एक अजस्र प्राणी वर आला आणि त्याने अख्खं शहर पायाखाली तुडवलं. त्या प्राण्याच्या आत हा होता. तीस किलोचा रबरी पोशाख अंगावर, घामाच्या धारा, आणि समोर कमरेएवढ्या पुठ्ठ्याच्या इमारती. पुढे आयुष्यभर त्याने साध्यासुध्या नोकऱ्या केल्या, पण गल्लीने ‘राक्षस’ हे नाव काही सोडलं नाही. खरं सांगायचं तर त्यानेही सोडू दिलं नाही.

आता तोच सिनेमा नव्याने निघाला होता. राक्षस या वेळी सगळाच्या सगळा कॉम्प्युटरवर काढलेला. आत कुणी नाही. म्हातारा आठवडाभर धुमसत होता तो त्यामुळेच. आपण जन्मात एक गोष्ट केली आणि तीही आता कुणाला लागत नाही, हे त्याने बोलून दाखवलं नव्हतं, पण जेवताना ते कळत होतं.

अडकली होती ती मुलगी. कुठला सिनेमा बघावा, कुठला बघू नये, हे ती दर आठवड्याला वर्तमानपत्रात लिहायची. लेख संध्याकाळी द्यायचा होता. ‘बघा’ लिहिलं तर बापाच्या जखमेवर मीठ, ‘बघू नका’ लिहिलं तर कदाचित वाचकांशी खोटेपणा. शेवटी तिने दुपारच्या खेळाची तीन तिकिटं काढून आणली आणि दोन तास त्यांच्यावरून हाच वाद चालू होता.

“मी जाणार,” आई म्हणाली. “अंधारात मला पायऱ्या दिसत नाहीत. तेवढं जागेवर बसवून द्या आणि घरी या.”

तो जुना पोशाख आईने शिवला होता, टाका न् टाका. तेव्हा ती शिवणखात्यातली एक पोरगी होती. पडद्यावर राक्षसाचं नाव अगदी शेवटी, लोक उठून चालायला लागल्यावर यायचं. तिचं कुठेच नव्हतं.

थिएटरात तिला बसवून द्यायला म्हणून तो बाजूच्या खुर्चीवर टेकला, तो उठलाच नाही. पण तोंड थांबेना. याला वजनच नाही म्हणे. शेपूट बघा, वाऱ्यावर उडतेय. एवढं शहर मोडलं, धाप लागायला नको? मुलीने वहीत ‘समुद्र सुंदर’ एवढंच लिहिलं आणि त्याला दिसू नये म्हणून वर हात ठेवला.

मग राक्षस घड्याळाच्या मनोऱ्यापाशी आला. पाय उचलला आणि थांबला. मान डावीकडे कलली.

जुन्या सिनेमातही तो असाच थांबायचा. जाणत्या लोकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. राक्षसाला शहराची दया येते, असं त्यांचं म्हणणं. मुलीनेही कॉलेजात असताना तसंच लिहिलं होतं. बाबांनी वाचून छान म्हटलं होतं आणि आई पदराआड हसू दाबत स्वयंपाकघरात गेली होती. ती का हसली, हे मुलीने कधी विचारलं नाही.

ठक ठक. शेजारी आवाज झाला. आईने खुर्चीच्या हातावर बोटांनी दोनदा वाजवलं होतं. पडद्यावर पाऊल पडलं, मनोरा कोसळला.

मुलीने वळून पाहिलं. आई तिच्या कानाशी वाकली.

“आतून काही दिसायचं नाही गं यांना. बघायची भोकं गळ्यापाशी, तीही धुराने भरायची. एक पाऊल चुकलं की पंधरा दिवसांचं पुठ्ठाकाम पाण्यात. म्हणून मी डावीकडे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी उभी राहायची आणि कात्रीने टेबलावर वाजवायची. दोन ठोके म्हणजे टाका पाऊल. हे जिवाचे कान करून ऐकायचे.”

नव्या लोकांना यातलं काय ठाऊक? त्यांनी जुना राक्षस बघून बघून जसाच्या तसा उतरवला होता. याला चांगले टपोरे डोळे होते, धूर नव्हता, चुकायला पुठ्ठाही नव्हता. तरी हा वेडा प्रत्येक मोठ्या इमारतीपुढे थांबत होता आणि मान डावीकडे कलती करून वाट बघत होता.

तो आणखी सहा वेळा थांबला. सहाही वेळा खुर्चीचा हात वाजला. तिसऱ्या वेळेपासून म्हाताऱ्याची मानही डावीकडे, तिच्या बाजूला कलू लागली. शेपटीबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही.

दिवे लागले. लोक उठले. म्हातारा खाली वाकून खुर्चीखाली बायकोची चप्पल शोधत होता आणि जरा जास्तच वेळ शोधत होता. मुलीने वही उघडली.

“बाबा, लेख द्यायचाय. काय लिहू?”

त्याने चप्पल बायकोच्या पायाशी सरळ करून ठेवली.

“बघा म्हणून लिही,” तो म्हणाला. “तुझी आई आहे त्यात.”