छाटणीची कात्री

कात्री फांदी कापत नव्हती, चावत होती. गुलाबाची बोटभर जाडीची फांदी पात्यांमध्ये वाकायची, सोलवटायची आणि शेवटी हाताने पिळून तोडावी लागायची. चार झुडपं त्याने कशीबशी उरकली आणि तो पाचव्यापाशी थांबला. आठवड्यापूर्वी छाटलेल्या पहिल्या झुडपाची टोकं काळी पडली होती. काळं खाली उतरत चाललं होतं.

बायको जाऊन दहा महिने झाले होते. गुलाब तिचे. फुलं यायची असतील तर छाटणी याच पंधरवड्यात व्हायला हवी, एवढं तिच्याकडून ऐकून त्याला ठाऊक होतं. वर्षाच्या आत बाबांनी आईची झाडं मारली, असं लेकीला म्हणायला लागू नये, एवढीच त्याची धडपड होती.

धार गेली असेल म्हणून कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडून परवाच त्याने कात्रीला धार लावून आणली होती. आता ती कात्री आणि एक चिरडलेली फांदी घेऊन त्याने तडक दुकान गाठलं. तिथे तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत त्याने धारवाल्याला नको ते सुनावलं. धार लावलीस की होती तीही काढून घेतलीस, असं विचारलं. माझ्या बायकोच्या हातची वस्तू तू भंगार करून ठेवलीस, असंही म्हणाला.

धारवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग कात्री डाव्या हातात धरली आणि फांदीवर चालवली. टक. काप अगदी गुळगुळीत.

“काका, ही डावखुऱ्या माणसाची कात्री आहे. उजव्या हातात चावणारच. घरात डावखुरं कोण होतं?”

“कोणी नाही. एक्केचाळीस वर्षं संसार केलाय मी तिच्याशी.”

मान खाली घालून धारवाल्याने पुढची सुरी चाकाला लावली. गिऱ्हाइकांतली एक बाई मात्र कात्री उचलून निघालेल्या त्याच्याकडे बघत राहिली.

परतताना त्याने मनातल्या मनात धारवाल्याला वेड्यात काढलं. फाटक उघडताना त्याला एक जेवण आठवलं. लग्नाला आठवडा झाला असेल. घरात पाहुणे होते. तिने डाव्या हाताने वाढलं. आपल्या घरात उजवा हात चालतो, असं तो म्हणाला होता. हसतच म्हणाला होता. सगळे हसले, तीही हसली. भांडण नाही, तंटा नाही. विषय तिथेच संपला होता.

मग एकामागून एक आठवत गेलं. तिला एक काकडी चिरायला अर्धा तास लागायचा. हिचा हात झोपेत चालतो, असं तो चारचौघांत म्हणायचा. तिने लिहिलेली सामानाची यादी पाहून, कागदावर कोंबडी नाचवलीस का, असं विचारायचा. लोक हसायचे. तीही हसायची आणि पुढचं काम हातात घ्यायची, उजव्या. त्या जेवणानंतर दुसऱ्या हाताने तिने काही केलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. बागेत तर तो फिरकतही नसे. चपलांना माती लागते म्हणायचा.

दारातच उभं राहून त्याने लेकीला फोन लावला. तब्येतीचं विचारून झालं, जेवणाचं झालं. मग त्याने विचारलं.

“तुझी आई डावखुरी होती का गं?”

“तुम्ही कामावर गेलात की व्हायची, बाबा.” ती म्हणाली. “मग तुम्ही रिटायर होऊन घरी बसलात, आणि तिने बाग लावली.”