मोठ्यानं बोल

बंटी चार वाजता येणार होता, पोलिसाच्या वेशात. सावळीरामनं दारातली सायकल बाजूला घेतली, पलंगाशी वाकला आणि बायकोशी खोटं बोलला, "अगं, तो हवालदार येतोय आज. आपणहून."

लंकाबाईनं डोळे उघडले. डॉक्टरांनी हात टेकले होते. आठवडा काढला तरी पुष्कळ, म्हणाले होते. पण बाईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. त्या माणसाच्या तोंडून 'चुकलं' एवढं ऐकायचं, मग खुशाल मरायचं.

महेश त्यांचा एकुलता एक. अंबडच्या कारखान्यात लेथवर होता. गल्लीत कुणीतरी तलवारीनं केक कापला, त्या रीलमध्ये हा मागं टाळ्या वाजवताना दिसला. तेवढ्यावरून त्याला चौकीत नेलं, हात जोडून माफी मागायला लावली आणि त्याचंही रील करून सोडून दिलं. त्यात पोलीस दिसत नव्हता. नुसता मोबाइलमागून आवाज येत होता, "मोठ्यानं बोल!"

नाशिकभर ते फिरलं. लोकांनी त्यावर गाणी चढवली. कारखान्यानं घरी बसवलं. पंधराव्या दिवशी पोरानं जीव दिला. टाळ्या वाजवल्याची एवढी सजा कुठल्या कायद्यात आहे, ते सावळीरामला अजून कळलं नव्हतं.

चौकीवर तो तीनदा जाऊन आला. "चौकशी झाली, काका. कुणाची चूक निघाली नाही. त्या हवालदाराची तर मालेगावला बदली झाली," असं उत्तर मिळालं. तिसऱ्या खेपेला त्यानं हात जोडले. "बाई चाललीय हो माझी. त्यास्नी एवढं कळवा." समोरच्यानं मान हलवली. अशा माना सावळीरामनं खूप पाहिल्या होत्या.

मग शेजारच्या पूजानं बंटीचा नंबर दिला. इंदिरानगरचा हा बंटी रीलमध्ये पोलीस बनतो म्हणे. सावळीरामनं त्याला पाहिलेलं नव्हतं. महेश गेल्यापासून तो मोबाइलवर रील बघतच नसे. बंटी फोनवर म्हणाला, "तो व्हिडिओ पाठवा, काका. आवाज हुबेहूब काढतो."

पावणेचारलाच दारात खाकी दिसली. माणूस घामानं निथळत होता. वयानं जास्तच वाटला, पण रंगरंगोटीनं काय होत नाही?

"ये बाबा, लवकर आलास ते बरं केलंस," सावळीराम कुजबुजला. "काय बोलायचं ते ठाऊक हाय ना?"

"हो," तो खाली बघत म्हणाला आणि बूट काढायला लागला.

खरा पोलीस कधी बूट काढतो का! सावळीरामनं हातानं खुणावलं, पण तो अनवाणीच आत गेला आणि पलंगाशी खाली बसला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," लंकाबाई म्हणाली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलं माझं, आई. पोरगं पाणी मागत होतं. मी म्हणालो, आधी व्हिडिओ."

सावळीराम चमकला. हे ठरलेलं नव्हतं. पठ्ठ्यानं पदरचं घातलं होतं आणि नेमकं काळजाला लागेल असं. त्याला राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. मरत्या बायकोला फसवायचं म्हटल्यावर कमीजास्त काय बघायचं?

माणूस पलंगाच्या कडेवर डोकं टेकून हुंदके देत होता. लंकाबाईनं कष्टानं हात उचलून त्याच्या केसांवर ठेवला.

"आवाज तोच हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "याला पाणी द्या."

सावळीरामनं तांब्या पुढे केला. त्यानं दोन्ही हातांनी धरून तो रिकामा केला. लंकाबाईचे डोळे मिटले. श्वास संथ झाला. इतक्या महिन्यांत ती अशी निवांत निजली नव्हती.

दारात सावळीरामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लय झ्याक केलंस, बाबा. माझ्याबी डोळ्यांत पाणी आलं. पण ते पाण्याचं कशाला घातलंस?"

त्यानं वाकून सावळीरामच्या पायांना हात लावला आणि बूट हातातच घेऊन गल्लीतून निघून गेला.

सावळीराम उंबऱ्यावर टेकला, तोच फोन वाजला.

"काका, बंटी बोलतोय. जरा उशीर होतोय, वर्दी आत्ता हातात पडली. आई जाग्या आहेत ना? आलोच दहा मिनिटांत."