चेतनाचे ठोके

चेतनाच्या छातीवरच्या वायरी निघायच्या आतच भाग्येशने मशीनमधला कागद ओढला.

सुपारी फुटल्यापासून त्याने होणाऱ्या बायकोचं वजन तपासलं होतं, फोन तपासला होता, तळोद्याच्या शाळेतली नोकरी सोडायला लावली होती. उरलं होतं हृदय. तिचा मामा झोपेतच गेला हे कळलं आणि वराकडची सगळी मंडळी गाडी भरून प्रकाशा गावाहून शहाद्याच्या दवाखान्यात आली. बैल घेताना दात बघतात, मग सुनेचा ईसीजी काढला तर बिघडलं कुठे?

"क्यूटी लांबलंय," कागदावर छापलेलं वाचून भाग्येश म्हणाला. तो खतांचा विक्रेता होता, म्हणजे डॉक्टरच.

"ईना हृदयमा खोट शे. आमले नको हाई पोर," त्याचे वडील दोधूआप्पा यांनी निकाल दिला. एकदा सुपारी फुटली की नाही म्हणायचा मान मुलाकडच्यांचाच. मंडळी बाहेर पडली आणि समोरच्या टपरीवर बसली. सोयरीक मोडली म्हणून कोणी चहा सोडत नाही.

चेतनाची आई कौसाबाई भिंतीला टेकून रडू लागली. शेजारच्या खोलीतला पेशंट तपासून डॉक्टर शीला आल्या, त्यांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ठोके एकशे अठरा आहेत! क्यूटी म्हणजे ठोक्याच्या आलेखातलं एक अंतर, ठोके वाढले की ते आपोआप आखडतं. मशीन सूत्र लावून ते सावकाश ठोक्यांच्या हिशेबात आणतं. पण ठोके फार वाढले की सूत्र जास्तच ताणतं आणि चांगलं हृदय आजारी दिसतं. हिला जरा पडू द्या, पुन्हा काढू."

थोड्या वेळाने दुसरा कागद आला. ठोके सत्तर. अंतर अगदी नीट.

कौसाबाईने डोळे पुसले आणि अनवाणीच टपरीकडे धाव घेतली.

डॉक्टर दोन्ही कागद शेजारी धरून बघत राहिल्या. "इतक्यात एवढे उतरले? काय केलंस गं?"

"काहीच नई मॅडम," चेतना छताकडे बघत म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसत होती. "सोयरीक मोडनी, बस."

तेवढ्यात कौसाबाई धापा टाकत दारात आली. "मॅडम, गाडी थांबाडी मी! काय सांगू त्यासले?"

वायरी अजून चेतनाच्या छातीवरच होत्या. मशीनच्या पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा नव्वदवर गेला. मग एकशे दहा. मग एकशे वीस.

डॉक्टर शीलांनी दुसरा कागद घडी घालून खिशात टाकला.

"जाऊ द्या गाडी," त्या म्हणाल्या. "हिच्या हृदयाला हे स्थळ मानवत नाही."